नियम क्रमांक सात: दहा काय?

२८ ऑगस्ट, बुधवार

पत्रक झालं एकदाचं. चार पानं, एकोणीस नियम, वर ठसठशीत शीर्षक: 'बारावी, प्रगत भौतिकशास्त्र: अपेक्षा आणि नियम'. बावीस वर्षं लोखंडाच्या खाणीत इंजिनिअर होते, त्यातली नऊ सुरक्षेचे नियम लिहिण्यात गेली. खाण बंद पडली म्हणून लिहायची सवय थोडीच बंद पडते! चौपन्नाव्या वर्षी शिक्षिकेची परीक्षा पास झाले आणि मंगळवारपासून पोरं माझ्या ताब्यात.

नवऱ्याला, ड्वेनला, वाचायला दिलं. बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या माणसाला भौतिकशास्त्र थोडंफार कळावं, निदान शुद्धलेखन तरी. ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचत बसला. शेवटी म्हणतो, "लॉरेन, हे शाळेचं पत्रक आहे की घटस्फोटाचे कागद?"

"का? काय चुकलंय?"

"चुकलं काही नाही. पण हा एकोणिसावा... 'वर्ग अर्धवट सोडणाऱ्याला पुन्हा प्रवेश नाही.' हे जरा जास्तच होतंय."

"अर्धवट सोडणारी माणसं माझ्या डोक्यात जातात," मी म्हटलं. "एकदा पाठ फिरवली ना, मग परत तोंड दाखवायचं नाही."

 ड्वेन उठला आणि आमच्या कुत्र्याला, ओलेला, फिरवायला घेऊन गेला. खरं तर ओले आत्ताच फिरून आला होता. कुत्र्याची चंगळ झाली.

२९ ऑगस्ट, गुरुवार

हॅल्व्हर्सन, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, तोंडावर सरबत सांडल्यासारखं गोड हसतात. म्हणाले, "चौदा नावं आलीत, लॉरेन. यादी वीस सप्टेंबरला दुपारी तीनला बंद होते. त्या वेळी किमान बारा हवेत. अकरा झाले तर वर्ग रद्द. मग पोरं पडद्यावर शिकतील, नव्वद मैलांवरचे मास्तर शिकवतील. आणि तुम्ही सातवीला बेडूक शिकवाल."

पडदा त्यांच्या खोलीत येऊनही पडलाय. खोक्यात. म्हणजे तयारी आधीपासूनच आहे तर! मी म्हटलं, "खोकं उघडू नका, परत पाठवायला बरं पडेल."

३ सप्टेंबर, मंगळवार

पहिला दिवस. शेवटचा तास, दोन ते तीन. पूर्ण तासभर एकोणीसही नियम मोठ्याने वाचून दाखवले. चौथ्या नियमाशी थांबून समजावलं: एककाशिवाय उत्तर म्हणजे उत्तरच नाही, सरळ शून्य. "पाच म्हणजे काय? पाच मीटर? पाच सेकंद? पाच बदकं?" पोरं हसली. मी हसले नाही. "आणि 'अर्थातच मीटर, बाई' असं मला सांगायचं नाही. कागदावर नाही ते जगात नाही."

ट्रेंट झुपान नावाचा एक दांडगा पोरगा आहे, शाळेच्या हॉकी संघाचा गोलरक्षक. त्याने विचारलं, "बाई, सामना असेल त्या दिवशी सुट्टी?"

"नियम बारा वाच."

वाचला. तोंड एवढंसं झालं.

४ सप्टेंबर, बुधवार

घरून सह्या आणायला सांगितल्या होत्या. दोघं गळाली. एका मुलीच्या बापाने सहीच्या जागी लिहून पाठवलंय: 'मी अकरा वर्षं खाणीत तुमचे नियम पाळलेत. माझ्या मुलीला तरी सोडा.'

उद्धटपणा! माझ्या नियमांमुळे त्याची दहाही बोटं शाबूत आहेत, ते नाही दिसत.

बारा उरले. बारा पुरेत.

५ सप्टेंबर, गुरुवार

आज डोकं फिरलं माझं.

पहिल्या बाकावर अ‍ॅनिका नीमी बसते. चष्मा, दोन वेण्या, चेहरा कसा चर्चमधल्या मेणबत्तीसारखा. हात वर केला.

"बाई, नियम सात. 'उशिरा दिलेल्या गृहपाठाचे दर दिवशी दहा वजा.' दहा काय?"

"म्हणजे?"

"दहा गुण? दहा टक्के? दहा बदकं?"

 मी पत्रक पाहिलं. बाई गं! खरंच नुसतं 'दहा'. चार वेळा तपासलं होतं मी ते.

"अर्थातच गुण," मी म्हटलं आणि म्हणता म्हणताच जीभ चावली.

"'अर्थातच' चालत नाही ना, बाई?" किती गोड आवाज कार्टीचा! "आणि गुण म्हणाल तर गृहपाठच आठ गुणांचा. एक दिवस उशीर झाला की माझे उणे दोन. टक्के म्हणाल तर कशाचे? मूळ गुणांचे की उरलेल्यांचे? उरलेल्यांचे असतील तर शून्य कधी येणारच नाही, वर्षभर उशीर केला तरी."

मागून ट्रेंट: "आणि दिवस कुठला, बाई? गुरूवरचा दिवस दहा तासांचा असतो."

म्हणजे याने पुस्तक उघडलं होतं तर. अ‍ॅनिकाने समारोप केला, "म्हणजे नियम चारप्रमाणे नियम सातला शून्य." आणि बसली खाली. मी म्हटलं, "पान अकरा उघडा." दुसरं काय म्हणणार?

ड्वेनला सांगितलं तर मेला इतका हसला की खिमा भरलेल्या पॅस्टीचा घास घशात अडकला. पाठीत धपाटे घालावे लागले. दोन जास्तीचे घातले.

६ सप्टेंबर, शुक्रवार

बाराच्या बारा जणांनी गृहपाठ आणला नाही. एकानेही नाही! 'नियम सात सध्या अस्तित्वात नाही,' म्हणे.

९ सप्टेंबर, सोमवार

आज आणला. प्रत्येकाच्या कागदावर वर सुवाच्य अक्षरात: 'उशीर: तीन पृथ्वी-दिवस, पैकी दोन सुट्टीचे. दंड: अनिश्चित.' वर मी न दिलेली चार गणितंही सोडवलेली, दंडाचे वेगवेगळे आलेख काढलेले. सगळं बरोबर. याचीच जास्त चीड येते. चुकलं असतं तर लाल पेन तरी चालवता आलं असतं.

१० सप्टेंबर, मंगळवार

नियम अकरा माझ्यावरच उलटला. तो असा: चाचणीत चुकलं की तीन रकाने आखायचे. काय लिहिलं, का चुकलं, बरोबर काय. तसं करून दाखवलं की गेलेले निम्मे गुण परत. पोरांनी माझ्या पत्रकाचे तीन रकाने आखून आणले. एकतीस चुका!

नियम नऊ, 'मोबाइल दिसला की जप्त'. कोणाचा ते लिहिलेलं नाही, आणि माझा टेबलावर पडलेला. अ‍ॅनिकाने अदबीने उचलला आणि घंटा होईपर्यंत खणात ठेवला. नियम पंधरा, 'एकशे दहा टक्के मेहनत अपेक्षित'. रकाना दुसरा: 'ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमात बसत नाही. जास्तीचे दहा टक्के कुठून येणार?'

मी भांडले. एकेका नियमावर भांडले. सव्वीस चुका मान्य कराव्या लागल्या, पाच मी परतवल्या. पोरं घंटा झाली तरी जागची हलेनात. शाळेची बस सुटली तरी फळ्यापाशी उभी राहून वाद घालत होती. मुद्दाम, मला छळायला. बर्नी, शाळेच्या कचेरीत एकतीस वर्षं बसलेली आमची कारकून, दारातून डोकावली आणि म्हणाली, "लॉरेन, भौतिकशास्त्राच्या वर्गातून एवढा आवाज मी आजवर ऐकला नव्हता गं."

"हो ना, शिस्तच नाही," मी म्हटलं.

कशाला हसली कोण जाणे.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

पहिली चाचणी. ट्रेंटला शंभरात एकतीस. पेपर बघितला, घडी केली आणि सरळ कचेरीत जाऊन नाव काढून आला.

अकरा.

१६ सप्टेंबर, सोमवार

सकाळी वर्ग उघडते तर ट्रेंट दाराशी उभा. एवढा सहा फुटी पोरगा, पण हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं त्याला.

"बाई, घाई केली मी. रागात केली. परत घ्याल का?"

माझ्या तोंडून निघालंच: "नियम एकोणीस."

"पण बाई, मी आलो तर बारा होतील."

"मोजता येतं मला."

गेला बिचारा.  इथे खरं लिहायला हरकत नाही. घ्यावंसं वाटलं होतं. पण खाणीत मी एकदाच, एका कामगारासाठी, अपवाद केला होता. 'पर्कोबाई, आजच्या दिवस खनिजाचा पट्टा चालू असतानाच साफ करतो, पाळी संपत आली.' मी हो म्हटलं. त्या माणसाचा उजवा हात गेला. 'हो' मीच म्हटलं होतं. त्यानंतर कोणालाच म्हटलं नाही.

ड्वेन संध्याकाळी भडकला. "अगं, एका पोरापायी सगळा वर्ग बुडवशील?"

"नियम आहे."

"वर्गात कोणाचा हात जाणार आहे, लॉरेन?"

"तुला नाही कळायचं. सोडून जायची एकदा सवय लागली की माणूस आयुष्यभर सोडतच जातो."

भांडं धूत होता, ते तसंच ठेवलं आणि गराजमध्ये जाऊन बसला. आता यात याला झोंबण्यासारखं काय होतं?

१७ सप्टेंबर, मंगळवार

पोरांनी बर्नीकडून शाळेचं नियमपुस्तक मिळवलंय. दोनशे पानांचं, धूळ खात पडलेलं. मधल्या सुट्टीत अकराही जण सँडविच हातात धरून त्यावर वाकलेले. म्हणजे आता माझं पत्रक संपवून शाळेवर घसरणार. हॅल्व्हर्सन मलाच बोलणार, पोरांना बिघडवलं म्हणून.

अ‍ॅनिकाने विचारलं, "बाई, तुमचे मिस्टर दुपारी घरी असतात का?"

"का गं? बोटीचं इंजिन बिघडलं का?"

"हो," ती म्हणाली. "तसंच काहीतरी."

१८ सप्टेंबर, बुधवार

नीमींची गाडी आमच्या गराजसमोर दोन तास उभी होती. अ‍ॅनिका, आणखी तिघं, वर बर्नीसुद्धा. बर्नी आणि ड्वेन शाळेत एका वर्गात होते, तेव्हा गप्पा मारायला आली असेल. पण बोट काही दिसली नाही. आजकालची पोरं, इंजिन दुरुस्त करायला येतात आणि बोटच विसरतात!

जेवताना ड्वेन मध्येच: "लॉरेन, घर्षण नसतं तर माणसाला चालता आलं असतं का गं?"

"हे कुठून काढलंस?"

"सहज."

माझं भौतिकशास्त्राचं पुस्तक फळीवर नाही. चाळीस वेळा शोधलं. विसराळूपणा वाढत चाललाय माझा.

१९ सप्टेंबर, गुरुवार

हॅल्व्हर्सननी पडद्याचं खोकं उघडलं. माणूस बोलावून भिंतीला भोकंही पाडून घेतली. माझ्या वर्गाच्या भिंतीला, मी शिकवत असताना!

आता खरं सांगायचं तर भीती वाटतेय. मला ही पोरं हवी आहेत. त्यांची ती किटकिट, ते रकाने, सगळं हवंय. सकाळी उठून आज कुठला नियम फाडतील याचा विचार करत मी गाडी चालवते आणि चक्क मजा वाटते. खाणीत बावीस वर्षांत माझं एक वाक्य कोणी इतकं नीट वाचलं नव्हतं. उद्या तीन वाजता हे संपणार आणि संपवणारी मी.

२० सप्टेंबर, शुक्रवार

सगळं सविस्तर लिहून ठेवते.

दोन चाळीसला हॅल्व्हर्सन यादी घेऊन वर्गात आले. "अकरा, लॉरेन. वाईट वाटतं." वाईट वाटणारा चेहरा त्यांना जमत नाही.

तेवढ्यात दार उघडलं. बर्नी, हातात एक जुनी फाइल. तिच्यामागे ड्वेन! चर्चला जायचा शर्ट, केस पाणी लावून चापून बसवलेले, काखेत वही, आणि वहीवर माझं पुस्तक. सरळ ट्रेंटच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसला. गुडघे खालून आपटले.

"तू इथे काय करतोयस?"

"नाव घातलंय," ड्वेन म्हणाला.

अ‍ॅनिका उठली आणि नियमपुस्तक उघडून वाचायला लागली. "पान एकशे अडुसष्ट, परिच्छेद तीन. 'गावातील ज्या रहिवाशाची बारावी पूर्ण झालेली नाही, त्यास शाळेच्या कोणत्याही वर्गात नाव घालता येईल.' एकोणीसशे सेहेचाळीस सालचा आहे, सर. युद्धावरून परत आलेल्यांसाठी केलेला. कोणी रद्द केलाच नाही."

"आणि वय?" हॅल्व्हर्सन.

"वयाचं काही लिहिलेलं नाही, सर. कागदावर नाही ते जगात नाही."

हॅल्व्हर्सननी पुस्तक ओढून घेतलं. स्वतःच्या शाळेचं पुस्तक बहुतेक पहिल्यांदाच वाचत होते. मला हसू आलं. "अरे, पण याची बारावी झालीय!"

एकटीच हसले मी. बर्नी जमिनीकडे बघत होती.

"नाही झाली, लॉरेन," ड्वेन म्हणाला. "बाबांची पाठ मोडली ना, बारावीच्या वर्षी. मार्चमध्ये शाळा सोडली आणि खाणीत गेलो. मास्तरांना म्हटलं होतं, येतो परत."

एकोणतीस वर्षं. एकोणतीस वर्षं एका टेबलावर जेवतोय आम्ही. तो म्हणायचा 'शाळा? केव्हाच संपली', आणि मी कधी पुढचा प्रश्नच विचारला नाही. आणि त्याच टेबलावर बसून मी काय काय बोलले! लाज वाटली. इतकी की फळ्याकडे तोंड करून उभं राहावंसं वाटलं.

बर्नीने फाइल पुढे केली. बीजगणित पूर्ण, 'ब' श्रेणी. म्हणजे माझ्या नियम दोनमध्येही, 'आधी बीजगणित झालेलं हवं', बसतो.

हॅल्व्हर्सननी पुस्तक मिटलं. ते खरंच गोड हसले. "लॉरेन, पण तुमचाच एकोणिसावा नियम. अर्धवट सोडणाऱ्याला पुन्हा प्रवेश नाही. यांनी तर स्वतःच्या तोंडाने सांगितलं."

दोन छप्पन्न. बारा जोडी डोळे माझ्यावर. अ‍ॅनिका ताडकन म्हणाली, "सर, पत्रकात 'वर्ग' असं म्हटलंय. त्यांनी शाळा सोडली होती, हा वर्ग नाही, म्हणून..."

"बस खाली, अ‍ॅनिका," मी म्हटलं.

पळवाट चांगली होती, चालली असती. पण ती धरली असती तर ड्वेन मागच्या दाराने आत आला असता आणि ट्रेंट बाहेरच राहिला असता. मी भिंतीवरचं पत्रक काढलं, टेबलावर ठेवलं आणि एकोणिसाव्या नियमावर आडवी रेघ मारली. शाईने. रेघ वाकडी आली. तिच्याखाली तीन रकाने आखले. काय लिहिलं: तो नियम. का चुकलं: 'भीतीपोटी लिहिला.' बरोबर काय, तो रकाना मोकळाच राहिला, वेळ नव्हता.

"ट्रेंटला बोलवा कोणीतरी."

ट्रेंट दाराबाहेरच उभा होता, अर्ज हातात. त्याला आधीच कोणी सांगून ठेवलं होतं हे मी विचारणार नाही. दोन अठ्ठावन्नला दोन्ही अर्जांवर सही केली. तेरा. हॅल्व्हर्सननी यादीवर आकडा घातला आणि निघाले. जाताना भिंतीतल्या भोकांकडे एकदा बघितलं.

घरी येताना गाडीत मी ड्वेनला म्हटलं, "चुकलं माझं."

"निम्मे गुण परत," तो म्हणाला.  मी रडत होते आणि तो रस्त्याकडे बघत होता, म्हणजे मला मनासारखं रडता यावं.

२३ सप्टेंबर, सोमवार

बाकाचे पाय वर्कशॉपच्या मुलांकडून चार इंच उंच करून घेतले. ड्वेन शेवटच्या रांगेत, ट्रेंटच्या शेजारी. दोघांचा एकच खोडरबर.

मी घर्षण शिकवत होते. या माणसाने लग्नापासून माझं एक वाक्य पुरं होऊ दिलेलं नाही. मी 'मीठ' म्हणेपर्यंत हा 'कमी आहे' म्हणून मोकळा. आज मध्येच त्याच्या मनात काही आलं, तोंड उघडलं, मग मिटलं. आणि ड्वेन पर्कोने हात वर केला.

मी बघितलं होतं. तरी मुद्दाम फळ्यावर लिहीत राहिले, चांगली दोन मिनिटं. अ‍ॅनिका खुसखुसायला लागली. मागे वळून पाहिलं तर दुसऱ्या हाताने कोपर धरून ठेवलं होतं, पण हात खाली घेतला नव्हता त्याने.